सुवर्णघुमटाखालचे मैदान: नोटर डेमच्या फुटबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न एकाच विद्यापीठाविषयी आहेत. ते म्हणजे इंडियाना राज्यातील साउथ बेंड शहरालगतचे नोटर डेम विद्यापीठ. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अर्थात लांबट चेंडू हातात घेऊन धावत किंवा पुढे फेकून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत नेण्याचा खेळ, असे वाचकांनी धरून चालावे. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत आणि मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: अमेरिकेत याहून कितीतरी मोठी सरकारी विद्यापीठे आहेत. असे असताना एका लहान कॅथलिक विद्यापीठाचा संघ साऱ्या देशाला माहीत असलेला संघ कसा झाला?

उत्तर: माझ्या मते याचे मुख्य कारण असे की त्या संघाला शेजारी आपल्यात घेत नव्हते. फ्रान्समधून आलेल्या फादर एडवर्ड सोरिन या धर्मगुरूंनी १८४२ मध्ये ही संस्था स्थापन केली. पुढची अनेक दशके ती कॅथलिक स्थलांतरितांच्या मुलांना शिकवणारी, पैशांची कायम ओढाताण असलेली एक साधी शाळा होती. फुटबॉल तेथे आला तोही मिशिगन विद्यापीठाच्या खेळाडूंनी शिकवल्यामुळे. २३ नोव्हेंबर १८८७ रोजी मिशिगनचा संघ साउथ बेंडला आला, त्याने यजमान विद्यार्थ्यांना आधी खेळाचे नियम समजावून दिले, दोन्ही बाजूंचे खेळाडू मिसळून थोडा सराव करवला आणि मग त्याच दिवशी त्यांना ८-० असे हरवले. नोटर डेमच्या फुटबॉलची सुरुवात ती हीच.

पुढे शिष्य गुरूला भारी पडू लागला. १९०९ मध्ये नोटर डेमने मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ११-३ असे हरवले. पुढच्या वर्षी नोटर डेमच्या काही खेळाडूंच्या पात्रतेवरून वाद झाला आणि मिशिगनने ठरलेला सामना ऐन वेळी रद्द केला. त्यानंतर हे दोन संघ थेट १९४२ मध्ये समोरासमोर आले. मध्यपश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेचे, म्हणजे आजच्या 'बिग टेन'चे, दरवाजे नोटर डेमसाठी बंदच राहिले. पात्रतेचे आक्षेप सगळेच खोटे होते असे म्हणता येणार नाही, कारण त्या काळी खेळाडूंच्या नोंदींबाबत बहुतेक संस्था ढिसाळ होत्या. पण त्या काळच्या अमेरिकेत कॅथलिकांविषयी असलेला आकस या नकारात अजिबात नव्हता, असे मानणे मला कठीण जाते.

जवळपासचे संघ खेळेनात, म्हणून प्रशिक्षक जेसी हार्पर यांनी लांबच्या संघांना पत्रे लिहिली. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीला आपल्या वेळापत्रकातील एक रिकामी जागा भरायची होती. १ नोव्हेंबर १९१३ रोजी नोटर डेमचा संघ रेल्वेने तेथे गेला आणि ३५-१३ असा जिंकून परतला. पूर्वेकडील वृत्तपत्रांना हे नाव त्या दिवसापासून ठाऊक झाले. पुढच्या दशकात हा संघ न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस असा देशभर खेळत फिरू लागला आणि त्या त्या शहरातील कॅथलिक कामगार वस्त्यांना तो आपला संघ वाटू लागला. ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही, ज्यांच्या घरात महाविद्यालयात गेलेला एकही माणूस नव्हता, ते लोक भुयारी रेल्वेने सामन्याला येत. त्यांना 'सबवे अॅलम्नाय', म्हणजे भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी, असे नाव पडले. हा वर्ग आजही आहे. शेजाऱ्यांनी त्या काळी नोटर डेमला सामावून घेतले असते, तर हा कदाचित इंडियानापुरता माहीत असलेला एक बरा संघ राहिला असता.

प्रश्न: चेंडू पुढे फेकण्याचा, म्हणजे 'फॉरवर्ड पास'चा, शोध नोटर डेमनेच लावला असे वाचले होते. ते खरे आहे का?

उत्तर: नाही. १९०५ च्या हंगामात मैदानावर खेळाडूंचे मृत्यू झाल्याने खेळावरच बंदी येण्याची वेळ आली होती. माणसांच्या ढिगाऱ्यात घुसून पुढे सरकण्याची पद्धत मोडावी, म्हणून १९०६ मध्ये पुढे पास टाकण्यास परवानगी देण्यात आली. त्याच वर्षी सेंट लुई विद्यापीठाच्या संघाने प्रशिक्षक एडी कोकेम्स यांच्या हाताखाली या पासचा धडाक्याने वापर केला. तरीही सुरुवातीचे नियम पासला अनुकूल नव्हते. नेम चुकला तर दंड होता आणि अंतरावरही मर्यादा होती. १९१२ मध्ये अंतराची मर्यादा उठली, आगेकूच करण्याच्या संधी तीनऐवजी चार झाल्या आणि टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, सहा गुण मिळू लागले. १९१३ चा वेस्ट पॉइंटचा सामना याच्या पुढच्याच हंगामातला आहे, हे लक्षात घेतले की त्याचे महत्त्व नीट कळते.

नोटर डेमने केले ते असे. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, गस डोराई आणि टोकाला खेळणारा, पुढे संघाचा प्रशिक्षक झालेला नूट रॉकनी हे दोघे त्या उन्हाळ्यात ओहायोतील सीडर पॉइंट या सरोवरकाठच्या पर्यटनस्थळी नोकरीला होते आणि फावल्या वेळात वाळूवर पास टाकण्या-झेलण्याचा सराव करत होते. धावता धावता, वेग कमी न करता चेंडू हाताच्या पंजात घेण्याची सवय त्यांनी तेथे लावून घेतली. लष्कराच्या धिप्पाड खेळाडूंना हा प्रकार तोवर इतक्या शिस्तीने कोणी दाखवला नव्हता. शोध दुसऱ्यांचा होता, पण लहान चणीचा संघ त्याच्या जोरावर मोठ्या संघाला हरवू शकतो हे देशाला पटले ते या सामन्यामुळे.

प्रश्न: नूट रॉकनी यांची आणि मृत्युशय्येवरील जॉर्ज गिप याची गोष्ट खरी की रचलेली? शाळेतील मुलांना ती सांगावी का?

उत्तर: ज्यांनी ही गोष्ट ऐकली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात अशी. जॉर्ज गिप हा नोटर डेमचा विलक्षण गुणी खेळाडू होता. घशाच्या संसर्गातून न्यूमोनिया होऊन १४ डिसेंबर १९२० रोजी वयाच्या २५ व्या वर्षी तो वारला. आठ वर्षांनी, १० नोव्हेंबर १९२८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये लष्कराविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षक रॉकनी यांनी खेळाडूंना सांगितले की, संघ कधी अडचणीत आला तर मुलांना माझ्यासाठी एक सामना जिंकायला सांगा, अशी गिपची अखेरची इच्छा होती. मध्यंतराला गुणफलक ०-० होता. पुढे लष्कराने आघाडी घेतली, पण नोटर डेमने तो सामना १२-६ असा जिंकला.

सामना, त्याचा निकाल, गिपचा आजार, त्याचे वय हे सारे नोंदींनी सिद्ध आहे. रॉकनी त्या दिवशी त्याच्याविषयी बोलले हेही खरे आहे, कारण काही दिवसांतच ते न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आले. प्रश्न उरतो तो गिप खरोखर तसे बोलला होता का एवढाच, आणि त्याला रॉकनींच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नाही. आठ वर्षे त्यांनी ही इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली नाही, आणि रॉकनी खेळाडूंना पेटवण्यासाठी गोष्ट रंगवून सांगत असत हे त्यांच्या शिष्यांनीही मान्य केले आहे. माझा कल ती इच्छा रॉकनींनीच शब्दबद्ध केली असावी असे मानण्याकडे आहे. मुलांना गोष्ट जरूर सांगावी, पण सोबत १९२८ चा हंगामही सांगावा. त्या वर्षी नोटर डेमने पाच सामने जिंकले आणि चार हरले, जो रॉकनींच्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट हंगाम होता. हाताशी चांगला संघ नसलेला एक प्रशिक्षक मध्यंतरात उरलेसुरले सर्व बळ पणाला लावत होता, हे कळले की त्या भाषणाचा खरा अर्थ उमगतो. पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनी १९४० च्या एका चित्रपटात गिपची भूमिका केली, आणि तेव्हापासून ही कथा फुटबॉल न पाहणाऱ्या लोकांपर्यंतही पोहोचली.

रॉकनी केवळ भाषणांमुळे मोठे झाले, असे मात्र कोणी समजू नये. नॉर्वेतील व्हॉस येथे १८८८ मध्ये जन्मलेला हा मुलगा पाचव्या वर्षी आईवडिलांसह शिकागोला आला, टपाल खात्यात काही वर्षे काम करून त्याने पैसे साठवले आणि बाविसाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाला. त्याने रसायनशास्त्रात गती मिळवली आणि पुढे कृत्रिम रबराच्या संशोधनाचा पाया घालणारे फादर ज्युलियस न्यूलंड यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम केले. १९१८ ते १९३० या तेरा हंगामांत रॉकनींच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ हरले आणि ५ बरोबरीत सोडवले. विजयाचे हे प्रमाण मोठ्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांत आजही अग्रस्थानी गणले जाते. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सास राज्यातील बझार या गावाजवळ त्यांचे विमान कोसळले आणि आठही जण ठार झाले. लाकडी पंखात ओल शिरून सांधे सुटले होते असे चौकशीत आढळले. मृतांत रॉकनी असल्याने लोकक्षोभ इतका झाला की लाकडी पंखांची प्रवासी विमाने मागे पडून धातूची विमाने येण्याच्या प्रक्रियेला त्यातून वेग आला. माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याशी जोडलेली ही गोष्ट गिपच्या कथेपेक्षा कमी महत्त्वाची नाही, तरी ती क्वचितच सांगितली जाते.

प्रश्न: फ्रेंच धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या विद्यापीठाच्या संघाला 'फायटिंग आयरिश' हे नाव कसे पडले?

उत्तर: हे नाव आधी विरोधकांच्या तोंडी होते आणि ते गौरवाने घेतले जात नव्हते. आयरिश स्थलांतरित म्हणजे भांडखोर, गरीब आणि कॅथलिक, अशी त्यामागची समजूत होती. संघात पोलिश, जर्मन, इटालियन वंशाची मुले होती आणि खुद्द रॉकनी तर नॉर्वेचे, पण प्रतिस्पर्धी सर्वांना एकाच मापाने मोजत. वृत्तपत्रे या संघाला 'भटके' या अर्थाचीही नावे देत, कारण तो सतत प्रवासात असे.

१९२० च्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा जोर फार होता, आणि तेथे तिचा रोख मुख्यतः कॅथलिकांवर होता. १७ मे १९२४ रोजी क्लॅनने साउथ बेंडमध्ये मेळावा बोलावला तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांनी येणाऱ्या सदस्यांचे पांढरे झगे हिसकावले आणि शहरात चकमकी झाल्या. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी विद्यार्थ्यांना समजावून परत आणले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रॉकनींचा संघ एकही सामना हरला नाही. स्टुलड्रेअर, क्राउली, मिलर आणि लेडन या चौघांना क्रीडापत्रकार ग्रँटलंड राइस यांनी 'चार घोडेस्वार' ही उपाधी दिली ती याच हंगामात, १८ ऑक्टोबरला लष्कराविरुद्ध १३-७ असा विजय मिळाल्यावर. संघासोबत गेलेल्या प्रसिद्धीच्या कामातील एका विद्यार्थ्याने परतल्यावर चौघांना खरोखर घोड्यांवर बसवून छायाचित्र काढवले, आणि ते देशभर छापले गेले. मे महिन्यातला द्वेष आणि ऑक्टोबरमधले कौतुक इतके जवळजवळ आले होते. १९२७ मध्ये याच फादर वॉल्श यांनी 'फायटिंग आयरिश' हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. हिणवण्यासाठी वापरलेले नाव त्यांनी विचारपूर्वक आपलेसे केले, असे मला वाटते.

प्रश्न: सोनेरी हेल्मेट, भिंतीवरचे ख्रिस्ताचे चित्र, खेळाडू हात लावतात ती पाटी, या सर्व परंपरा किती जुन्या आहेत?

उत्तर: यांचे वय सारखे नाही, आणि वाचकांना वाटते तितक्या त्या सर्व जुन्याही नाहीत. सुवर्णघुमट सर्वांत जुना. १८७९ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठाची मुख्य इमारत जळून खाक झाली. फादर सोरिन यांनी ती अधिक मोठी बांधायची असे ठरवले आणि काही महिन्यांत वर्ग पुन्हा सुरू झाले. तिच्यावरील घुमटाला पुढे सोन्याचा वर्ख दिला गेला. फुटबॉलचे हेल्मेट त्या घुमटाच्या रंगाचे असते आणि त्याच्यावर कोणतेही चिन्ह नसते. सामन्याच्या आदल्या रात्री विद्यार्थी व्यवस्थापक ही हेल्मेटे हाताने रंगवत असत. त्या रंगात खरे सोने मिसळलेले असे, आणि आठवडाभराच्या टकरींचे ओरखडे त्याखाली झाकले जात. अलीकडे हेल्मेट बनवण्याचे तंत्र बदलल्याने हाताने रंगवण्याची ही रीत थांबली आहे, याचे मला वाईट वाटते. जे विद्यार्थी कधी मैदानावर उतरणार नव्हते, त्यांना त्या सामन्यात प्रत्यक्ष हात लावण्याची संधी या कामाने दिली होती.

मैदान १९३० चे आहे. रॉकनींनी त्यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला, आराखड्यात स्वतः लक्ष घातले, मिशिगनच्या मैदानाचा नमुना समोर ठेवला, आणि जुन्या कार्टिअर फील्डवरील हिरवळ उचलून नव्या मैदानावर लावायला लावली. सुरुवातीची क्षमता ५९,०७५ होती. रॉकनींना तेथे फक्त एकच हंगाम मिळाला. सामना संपल्यावर खेळाडू आणि विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जे विद्यापीठगीत म्हणतात, तेही याच मैदानाच्या उद्घाटनासाठी रचलेले आहे. अधिक प्रसिद्ध असलेले विजयाचे संचलनगीत मात्र त्याआधीचे, १९०८ च्या सुमाराचे असून मायकेल आणि जॉन शी या दोन भावांनी ते रचले. सामन्याच्या दिवशी वाद्यवृंदातील तुतारीवादक मुख्य इमारतीत घुमटाच्या थेट खाली गोलाकार उभे राहून ते वाजवतात. मजल्यांच्या कठड्यांवर दाटीवाटीने उभे राहिलेले लोक ते ऐकतात. मैदानावरील कोणत्याही सोहळ्यापेक्षा मला हा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो, कारण येथे खेळ आणि विद्यापीठ एका छताखाली येतात.

भिंतीवरील चित्र १९६४ चे. ग्रंथालयाच्या उंच दक्षिण भिंतीवर कलावंत मिलार्ड शीट्स यांनी योजलेले हे शिल्पचित्र निरनिराळ्या रंगांच्या नैसर्गिक दगडांचे तुकडे जोडून बनवलेले असून त्यात संत आणि विद्वानांच्या समुदायावर गुरू ख्रिस्त हात उंचावून उभा आहे. टचडाऊन झाल्यावर पंच दोन्ही हात असेच वर करतात आणि हे चित्र मैदानाच्या उत्तर टोकापलीकडे दिसते, म्हणून प्रेक्षकांनी त्याला 'टचडाऊन जीझस' हे नाव दिले. चित्रकाराच्या मनात फुटबॉल नव्हता. विद्यापीठाचा हेतू ज्ञानाची परंपरा दाखवण्याचा होता, आणि नाव मात्र रूढ झाले ते प्रेक्षकांचे. १९९७ मध्ये मैदान वाढवल्यावर खालून दिसणारा त्याचा काही भाग झाकला गेला.

पाटी सर्वांत नवी. 'आज विजेत्यासारखे खेळा' अशा अर्थाचे शब्द पिवळ्या फळीवर निळ्या अक्षरांत रंगवलेले आहेत. १९८६ मध्ये प्रशिक्षक लू होल्ट्झ यांनी जुन्या पुस्तकातील छायाचित्रात असे वाक्य पाहून ही फळी करवून घेतली आणि कपडे बदलण्याच्या खोलीतून मैदानाकडे जाणाऱ्या जिन्यावर लावली. विद्यापीठातील पाट्या रंगवणाऱ्या एका महिलेने ती रंगवली. दोनच वर्षांनी संघ राष्ट्रीय विजेता झाल्याने पाटीला पुरातन वस्तूचे तेज आले. तिला हात लावून बाहेर पडणारे आजचे खेळाडू होल्ट्झ नोटर डेम सोडून गेल्यावर जन्मलेले आहेत. परंपरा ठरायला शंभर वर्षे लागतातच असे नाही.

आणखी एका लहानशा प्रथेचा उल्लेख करायलाच हवा. १९६० च्या सुमारास इंडियाना राज्य पोलिसांतील एक अधिकारी चौथ्या सत्रात ध्वनिक्षेपकावरून वाहन जपून चालवण्याची सूचना देऊ लागले. कोणी लक्ष देईना, म्हणून ते शेवटी एक शाब्दिक कोटी करू लागले. हळूहळू ऐंशी हजारांच्या आसपासचे प्रेक्षक ती ऐकण्यासाठी शांत होऊ लागले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हे चालले.

प्रश्न: नौदलाच्या संघाला नोटर डेम वर्षानुवर्षे हरवत आले आहे. तरीही दरवर्षी त्याच संघाशी खेळण्यात काय अर्थ?

उत्तर: त्यामागे उपकाराची जाणीव आहे. दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेल्याने अमेरिकेतील अनेक खासगी विद्यापीठे ओस पडली, आणि जवळ साठवलेला पैसा नसलेल्या नोटर डेमपुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. त्या वेळी नौदलाने आपले अधिकारी घडवण्याचे प्रशिक्षण या आवारात सुरू केले, हजारो प्रशिक्षणार्थी येथे राहिले, आणि त्या पैशांवर विद्यापीठ तगले. ३५ वर्षे अध्यक्ष राहिलेले फादर थिओडोर हेसबर्ग यांची भूमिका अशी होती की नौदल अकादमीला जोवर खेळायचे आहे, तोवर हा सामना होत राहील.

१९२७ पासून २०१९ पर्यंत हा सामना एकदाही चुकला नाही. महासाथीमुळे २०२० मध्ये खंड पडला आणि नंतर तो पुन्हा सुरू झाला. १९६३ मध्ये नौदलाने जिंकल्यानंतर सलग ४३ वेळा नोटर डेम जिंकले. अखेर २००७ मध्ये तीन जादा सत्रांनंतर नौदलाने ४६-४४ असा विजय मिळवला. निकाल काहीही असो, सामना संपल्यावर दोन्ही संघ आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या विद्यापीठगीतासाठी शेजारी शेजारी उभे राहतात. केवळ चुरस पाहायची असेल, तर १९२६ मध्ये सुरू झालेल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबरच्या मालिकेतील सामने पाहावेत.

प्रश्न: सर्व मोठे संघ कोणत्या ना कोणत्या परिषदेत, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेत, आहेत. नोटर डेम एकटे का? आणि काही दशके त्यांनी हंगामाअखेरचे मोठे सामने का टाळले?

उत्तर: आधी दुसरा भाग. हंगामाअखेर निवडक संघांना बोलावून होणाऱ्या 'बाऊल' सामन्यांपैकी रोझ बाऊलमध्ये १ जानेवारी १९२५ रोजी नोटर डेमने स्टॅनफर्डला २७-१० असे हरवले, आणि त्यानंतर विद्यापीठाने अशा सामन्यांना नकार देण्याचे धोरण ठेवले. हंगाम लांबला की अभ्यास मागे पडतो, हे त्याचे कारण होते. हे धोरण १९६९ च्या हंगामापर्यंत टिकले. ते बदलताना मिळणारा पैसा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरण्याचे ठरले. रॉकनींनंतरच्या काळात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या संघांनीही हे मोठे सामने खेळले नाहीत, याची आज कल्पना करणे अवघड आहे. मला हा निर्णय या विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत करारी निर्णयांपैकी एक वाटतो.

परिषदेबाबत मात्र आरंभीचा नाइलाज कालांतराने अभिमान झाला आणि त्यानंतर तो व्यवहार झाला. ज्या 'बिग टेन'ने पूर्वी जवळ केले नव्हते, तिच्यात येण्याचा प्रस्ताव १९९९ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनीच नाकारला. १९९१ पासून घरच्या मैदानावरील सामने एनबीसी ही राष्ट्रीय दूरचित्रवाहिनी दाखवते. एका विद्यापीठाने स्वतंत्रपणे असा करार करणे त्या काळी अभूतपूर्व होते आणि इतर विद्यापीठे त्यावर नाराजही झाली. या उत्पन्नाचा काही भाग सर्वसामान्य विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्यासाठी जातो. २०१४ पासून अटलांटिक कोस्ट परिषदेशी वर्षाला साधारण पाच सामने खेळण्याचा करार आहे, पण फुटबॉलचे सदस्यत्व घेतलेले नाही. अपवाद २०२० चा. महासाथीच्या त्या एका हंगामात संघ पूर्ण परिषदेत खेळला.

प्रश्न: राष्ट्रीय विजेतेपदे नेमकी किती? निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे दिसतात.

उत्तर: विद्यापीठ स्वतः ११ मानते: १९२४, १९२९, १९३०, १९४३, १९४६, १९४७, १९४९, १९६६, १९७३, १९७७ आणि १९८८. आकडे बदलतात याचे कारण असे की या खेळात फार काळ अंतिम सामनाच नव्हता. पत्रकार किंवा प्रशिक्षक मतदान करून क्रमवारी लावत, आणि एकाहून अधिक क्रमवाऱ्या असत. १९४० च्या दशकातील चारही विजेतेपदे फ्रँक लेही यांच्या संघांची. युद्धानंतर त्यांचा संघ सलग ३९ सामने अपराजित राहिला.

सर्वांत वादग्रस्त विजेतेपद १९६६ चे. १९ नोव्हेंबरला मिशिगन स्टेट विद्यापीठाविरुद्ध गुणफलक १०-१० असताना शेवटच्या काही खेळी प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी धोका न पत्करता वेळ काढत संपवल्या. त्यांच्यावर भ्याडपणाचा आरोप झाला. पण मुख्य क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर होता, सामना परक्या मैदानावर होता आणि संघ १०-० अशा पिछाडीवरून बरोबरीत आला होता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असे हरवले आणि मतदारांनी त्यांना पहिले स्थान दिले. मला पार्सेगियन यांचा निर्णय योग्य वाटतो, जरी पाहणाऱ्याची त्यातून निराशा होते हे मान्य आहे.

प्रश्न: कौतुक पुष्कळ ऐकले. या इतिहासात काळे डाग नाहीत का?

उत्तर: आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. ज्या संघाला स्वतः भेदभाव सोसावा लागला, त्यात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९५३ उजाडावे लागले. २७ ऑक्टोबर २०१० रोजी सोसाट्याचा वारा असताना सरावाचे चित्रण करण्यासाठी उंच उचलक-मंचावर चढलेला एक विद्यार्थी मंच उलटून मृत्युमुखी पडला. राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने विद्यापीठाला दोषी धरले आणि अध्यक्षांनी जबाबदारी स्वीकारली. तसेच काही खेळाडूंना अभ्यासात गैरमार्गाने मदत झाल्याचे उघड झाल्यावर २०१२ आणि २०१३ या हंगामांतील २१ विजय नियामक संस्थेने नोंदीतून काढून टाकले. यांतला २०१० चा मृत्यू मला सर्वांत गंभीर वाटतो. काढून टाकलेले विजय केवळ कागदावरचे होते.

प्रश्न: आज या संघाची स्थिती काय आहे?

उत्तर: १९८८ नंतर राष्ट्रीय विजेतेपद मिळालेले नाही, पण संघ पुन्हा त्याच्या अगदी जवळ जाऊन आला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मार्कस फ्रीमन मुख्य प्रशिक्षक झाले. २०२४ च्या हंगामात संघ दुसऱ्याच सामन्यात घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉय या तुलनेने दुबळ्या संघाकडून १६-१४ असा हरला आणि अनेकांनी त्याला मोडीत काढले. त्यानंतर तो लागोपाठ जिंकत गेला. बारा संघांच्या नव्या बाद फेरीत त्याने घरच्या मैदानावर इंडियाना विद्यापीठाला २७-१७, मग जॉर्जियाला २३-१० आणि पेन स्टेटला २७-२४ असे हरवले. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथील अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने त्याला ३४-२३ असे नमवले. अशा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेले फ्रीमन हे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आहेत. सामन्याआधी संघाने एकत्र प्रार्थनासभेला जाण्याची जुनी रीत त्यांनी पुन्हा सामन्याच्या दिवसाशी जोडली आहे.